वेगळी चूल मांडताना: मोठ्या फ्रंटएंडचे स्वतंत्र भाग कसे पाडायचे

शुक्रवारी दुपारी क्लेमच्या स्क्रीनवरच्या एका बटणावरचा मजकूर बदलायचा असतो. बदल एका ओळीचा. पण त्याच रेपोत (कोडच्या सामायिक साठ्यात) कमिशनवाल्यांचं अर्धवट काम मेन ब्रँचवर येऊन पडलेलं असतं, कोटेशनवाल्यांची एक टेस्ट सकाळपासून लाल असते, आणि रिलीज करायची तर सगळ्यांनी मिळून. मग ते बटण पुढच्या बुधवारपर्यंत तसंच राहतं. ही रडकथा मी एकाहून अधिक ठिकाणी पाहिली आहे, आणि दर वेळी पहिला दोष फ्रेमवर्कला दिला गेला. फ्रेमवर्क बिचारं निर्दोष होतं. घरात माणसं वाढली होती आणि चूल एकच राहिली होती.

यावरच्या उपायाला मायक्रो-फ्रंटएंड म्हणतात. थॉटवर्क्स या सॉफ्टवेअर सल्लागार कंपनीच्या ‘टेक्नॉलॉजी रडार’ या अहवालात २०१६ च्या नोव्हेंबरात हे नाव आलं आणि मग सगळीकडे रुळलं. वेब ॲप्लिकेशनच्या फ्रंटएंडचे, म्हणजे वापरणाऱ्याला ब्राउझरमध्ये दिसणाऱ्या बाजूचे, असे भाग पाडायचे, की प्रत्येक भाग त्याची टीम स्वतः बिल्ड करेल, स्वतः तपासेल आणि दुसऱ्या कुणाला न विचारता प्रॉडक्शनला, म्हणजे खऱ्या वापरणाऱ्यांपुढे, नेईल. यातलं ‘न विचारता’ सगळ्यात महत्त्वाचं. कोड दहा रेपोंत वाटला आणि रिलीज अजूनही सगळ्यांची एकाच दिवशी होत असेल, तर फक्त मधे भिंती बांधल्या गेल्या. स्वयंपाकाला रांग तीच.

पुढे सगळीकडे एकच उदाहरण घेतो. विमा एजंटांसाठीचं एक पोर्टल आहे असं समजा. त्यात कोटेशन, पॉलिसी, क्लेम आणि कमिशन असे चार विभाग, प्रत्येकाची वेगळी टीम, आणि सगळं रिॲक्टमध्ये (पडदे बांधायची जावास्क्रिप्ट लायब्ररी), वेबपॅकवर (कोडच्या फाइली ब्राउझरसाठी एकत्र बांधणारं टूल), एका मोठ्या रेपोत.

आधी गरज तपासा

पाच-सहा जणांची एकच टीम असेल तर हे करू नका. फोल्डर नीट लावा, लिंटरचा (कोडमधले नियमभंग पकडणाऱ्या टूलचा) एक नियम घालून एका विभागाला दुसऱ्याच्या पोटातल्या फाइली आयात करायला मनाई करा, बिल्ड कॅश करा. निम्मं दुखणं तिथेच थांबतं.

टीम खरंच तीन-चार असतील तर दोन गोष्टी काढून बघा. पहिली, मागच्या सहा महिन्यांत किती रिलीज दुसऱ्या टीममुळे अडकल्या. यासाठी कोणतंही टूल लागत नाही; रिलीजच्या चॅट ग्रुपवरचे जुने मेसेज वाचले तरी कळतं. दुसरी, गिटचा (कोडमधले बदल नोंदवणाऱ्या टूलचा) इतिहास. प्रत्येक कमिटमध्ये, म्हणजे नोंदवलेल्या बदलात, कोणत्या फाइली बदलल्या याची यादी काढा आणि एकाच कमिटमध्ये कोणते दोन विभाग वारंवार एकत्र बदलतात ते मोजा. क्लेम आणि कमिशन वर्षभरात दोनदाच एकत्र बदलले असतील तर त्यांच्यामधून रेघ ओढता येते. कोटेशन आणि पॉलिसी दर आठवड्याला हातात हात घालून बदलत असतील तर, त्यांची नावं वेगळी असली तरी, ते एकच घर आहे. त्यांना वेगळं केलंत तर प्रत्येक बदलाला दोन पीआर (कोड मुख्य शाखेत घेण्याचे प्रस्ताव), दोन रिलीज आणि त्यांचा क्रम सांभाळण्याची कसरत गळ्यात पडेल.

संगणकतज्ज्ञ मेल्विन कॉनवे यांनी १९६८ मध्ये लिहून ठेवलं होतं की संस्था ज्या यंत्रणा उभ्या करते त्यांचा आराखडा तिच्या आतल्या संवादाच्या रचनेसारखाच होतो. फ्रंटएंडची रेघ टीमच्या रेघेवर पडली नाही तर ती टिकत नाही.

रेघ उभी ओढा

नवखी चूक म्हणजे आडवी वाटणी: हेडर एका टीमकडे, टेबल दुसरीकडे, फॉर्म तिसरीकडे. मग एक साधा क्लेम फॉर्म बदलायला तिघांना बसवावं लागतं. वाटणी उभी हवी. कमिशनची टीम कमिशनच्या पडद्यापासून त्याला डेटा देणाऱ्या एपीआयपर्यंत सगळ्याची मालक.

सगळ्यात सोपी आणि टिकाऊ सीमा म्हणजे यूआरएल. पत्ता ‘कमिशन’ने सुरू झाला की पुढचं सगळं त्या टीमचं. एकाच पडद्यावर तीन टीमचे तुकडे शेजारी बसवायचा मोह होतो, विशेषतः डॅशबोर्डवर. तो शक्य तितका टाळा. अगदीच लागलं तर डॅशबोर्डची मालकी एका टीमला द्या आणि बाकीच्यांनी तिला डेटा पुरवावा, कॉम्पोनंट नाही.

जोडायचं कुठे

भाग वेगळे बिल्ड झाले तरी वापरणाऱ्यापुढे ते कुठेतरी एकत्र यायलाच हवेत. ते कुठे, यावर बाकीचे बरेच निर्णय ठरतात.

प्रत्येक भाग एनपीएम पॅकेज (इतर ॲपना वापरता येणारं कोडचं पुडकं) म्हणून प्रसिद्ध करून मुख्य ॲपमध्ये ओढून घेणं हा दिसायला सर्वांत सभ्य मार्ग. पण कमिशनची नवी आवृत्ती आली की मुख्य ॲपनेही पॅकेजची आवृत्ती वाढवून पुन्हा बिल्ड आणि रिलीज करायची. म्हणजे रांग परत आली. डिझाइन सिस्टिमसाठी (बटणं, फॉर्म अशा सामायिक तुकड्यांच्या संचासाठी) हा मार्ग उत्तम, आख्ख्या विभागासाठी नाही.

सर्व्हरवर किंवा सीडीएनवर (फाइली जवळच्या ठिकाणाहून पोचवणाऱ्या सर्व्हरांच्या जाळ्यावर) जोडणं हा जुना आणि अजूनही दमदार पर्याय. एज साइड इन्क्लूड्स म्हणजे ईएसआय (पानातल्या खुणांच्या जागी तिथेच तुकडे भरायची पद्धत) २००१ पासून आहे, आणि आयकियाने आपल्या साइटची पानं अशी वेगवेगळ्या टीमच्या तुकड्यांतून जोडली होती. मजकूरप्रधान, शोधातून येणाऱ्या ग्राहकांच्या साइटसाठी मी पहिल्यांदा इकडेच बघेन.

आयफ्रेमची, म्हणजे पानात बसवलेल्या दुसऱ्या पानाची, लोक चेष्टा करतात, पण अलगता तिच्याइतकी कुणी देत नाही. स्पॉटिफायच्या डेस्कटॉप ॲपमध्ये एके काळी वेगवेगळे व्ह्यू आयफ्रेममध्ये चालत. पुढे त्यांनी ती रचना सोडली. आयफ्रेममध्ये उंची जुळवणं, मागे जाण्याचं बटण आणि फ्रेमबाहेर पसरणारे पॉपअप यांत जीव जातो. तिसऱ्या पक्षाचं पेमेंटचं पान असेल तर मात्र बिनदिक्कत वापरा.

आणि एक पर्याय कुणी सांगतच नाही: साधी लिंक. कमिशन हे वेगळं ॲप, वेगळ्या पत्त्यावर. वरच्या पट्टीतून दुवा दिला, पान नव्याने लोड झालं, संपलं. एजंट दिवसातून दोनदा कमिशन बघत असेल तर त्या एका लोडिंगचं त्याला काहीच वाटत नाही. हे पुरत असेल तर लेख इथेच सोडा.

आपल्या पोर्टलमध्ये एजंट दिवसभर विभागांमध्ये ये-जा करतो, म्हणून ब्राउझरमध्ये, चालू असताना जोडणं सोयीचं. त्यासाठी सिंगल-एसपीए ही लायब्ररी आहे, इम्पोर्ट मॅप आहेत (कोणतं मॉड्यूल कोणत्या पत्त्यावर आहे हे ब्राउझरला सांगणारी यादी; मार्च २०२३ मध्ये सफारी १६.४ आल्यावर ते सगळ्या प्रमुख ब्राउझरांत चालू लागले), आणि वेगळ्या बिल्डमधला कोड ॲप चालू असताना आणणारं मॉड्यूल फेडरेशन आहे, जे २०२० च्या ऑक्टोबरात वेबपॅक ५ बरोबर आलं. आपण वेबपॅकवर आहोत, तर तेच घेऊ.

शेल बांधा, आणि ते हाडकुळं ठेवा

सगळ्या भागांना धरणाऱ्या ॲपला शेल म्हणतात. त्याची कामं चारच: लॉगिन, वरची पट्टी, पत्ता पाहून योग्य भाग आणणं, आणि भाग कोसळला तर सावरणं. यापलीकडे एकही व्यवसायाचा नियम शेलमध्ये शिरला की प्रत्येक टीम शेलच्या रिलीजची वाट पाहू लागते.

भाग आणि शेल यांच्यात करार हवा, आणि तो लहान हवा. मी दोन फंक्शन ठेवतो. ‘माउंट’ला एक डॉम एलिमेंट (पानातली ठरलेली जागा) आणि थोडी माहिती (भाषा, पायाभूत पत्ता, लॉगिनचा पुरावा असलेलं टोकन मागण्याचं फंक्शन) मिळते, ‘अनमाउंट’ सगळं आवरतं. थेट रिॲक्ट कॉम्पोनंट उघडा करणं सोपं असतं, पण मग शेल आणि भाग एकाच रिॲक्टला कायमचे बांधले जातात. डॉम एलिमेंटवरचा करार फ्रेमवर्क बदललं तरी टिकतो. शिवाय रिॲक्ट १७ पासून इव्हेंट ऐकणारे हँडलर डॉक्युमेंटवर न बसता प्रत्येक रूटवर, म्हणजे रिॲक्ट ज्या एलिमेंटमध्ये चालतं त्यावर, बसतात, त्यामुळे एका पानावर दोन आवृत्त्या नांदवणं पूर्वीइतकं धोक्याचं राहिलेलं नाही.

अनमाउंटमध्ये टायमर आणि विंडोवर लावलेले लिसनर काढायला विसरू नका. आधी पान बदललं की ब्राउझर ते झाडून टाकायचा, आता पान बदलतच नाही.

मॉड्यूल फेडरेशनचे खड्डे

मांडणी थोडक्यात अशी. कमिशनच्या वेबपॅक कॉन्फिगमध्ये फेडरेशन प्लगइनला भागाचं नाव, रिमोट एंट्री फाइलचं (भागात शिरायच्या दाराचं) नाव आणि बाहेर द्यायचं मॉड्यूल (आपली माउंट-अनमाउंटची फाइल) सांगायचं. शेलच्या कॉन्फिगमध्ये तो भाग रिमोट, म्हणजे बाहेरून आणायचा भाग, म्हणून नोंदवायचा. दोन्हीकडे सामायिक लायब्ररींची यादी द्यायची. डॉक्युमेंटेशन पाहून हे अर्ध्या दिवसात चालतं. त्यानंतरचे दिवस पुढच्या गोष्टींत जातात.

पहिल्याच धावेत कन्सोलवर सामायिक मॉड्यूल ‘ईगर कन्झम्प्शन’साठी उपलब्ध नसल्याची तक्रार येईल. कारण असं की सामायिक रिॲक्ट कुणाचं वापरायचं ही बोलणी व्हायच्या आतच तुमची एंट्री फाइल रिॲक्ट मागते. एंट्री फाइलमधला सगळा कोड ‘बूटस्ट्रॅप’ नावाच्या दुसऱ्या फाइलीत हलवा आणि एंट्रीत तिची फक्त डायनॅमिक इम्पोर्ट ठेवा. ‘ईगर’ चालू करूनही तक्रार जाते, पण त्याने ब्राउझरकडे जाणारं बंडल फुगतं.

रिॲक्ट आणि रिॲक्ट-डॉम सामायिक यादीत ‘सिंगलटन’, म्हणजे पानभर एकच प्रत, ठेवा. शेलचं कॉन्टेक्स्ट किंवा कॉम्पोनंट भागात वापरलं आणि रिॲक्टच्या दोन प्रती आल्या, तर रिॲक्टची ‘इनव्हॅलिड हुक कॉल’ ही चूक ठरलेली. पण सिंगलटनला एक दुसरी बाजू आहे. नोंदवलेल्या आवृत्त्यांपैकी एखादी आधीच लोड झालेली नसेल तर वेबपॅक सर्वांत वरची निवडतो. म्हणजे कमिशनवाल्यांनी आपल्या घरात रिॲक्टची नवी किरकोळ आवृत्ती आणली की ती क्लेमलाही लागू होऊ शकते, क्लेमवाल्यांनी काहीही न करता. आणि हवी ती आवृत्ती मिळाली नाही तर सिंगलटनमध्ये फक्त कन्सोलवर इशारा येतो. ‘स्ट्रिक्ट व्हर्जन’ लावलं तरच चूक फेकली जाते. विहीर सामायिक ठेवली की पाण्याचा हिशोबही सामायिक ठेवावा लागतो: रिॲक्टची आवृत्ती कोण, कधी वाढवणार हे सर्वांनी मिळून ठरवा. बाकी यादी मात्र छाटा. तारखांची लायब्ररी, फॉर्मची लायब्ररी ज्याची त्याच्याकडे राहू द्या. काही किलोबाइट दुप्पट जातील, पण त्या किलोबाइटांत स्वातंत्र्य विकत मिळतं.

एक खड्डा आम्ही स्वतः पडून शोधला. दोन टीमनी एकाच टेम्प्लेटवरून प्रोजेक्ट काढले आणि पॅकेज फाइलमधलं नाव बदलायचं दोघांकडूनही राहिलं. वेबपॅक ५ आपल्या रनटाइमचं जागतिक नाव त्या नावावरून बनवतो. परिणाम असा, की दोन्ही भाग एकेकटे व्यवस्थित चालत, आणि एकामागोमाग उघडले की दुसऱ्याच्या जागी पहिल्याचे तुकडे चालून पडदा पांढरा. दोन दिवस आम्ही कॅशला शिव्या देत होतो. आउटपुटमधलं ‘युनिक नेम’ प्रत्येक भागात स्वतः लिहा, आणि ‘पब्लिक पाथ’ ‘ऑटो’ ठेवा, नाहीतर कमिशनचे तुकडे शेलच्या पत्त्यावर शोधले जातात.

राउटिंगचाही (पत्त्यावरून पडदा ठरवण्याचाही) एक चकवा आहे. ब्राउझरच्या हिस्टरीच्या ‘पुश स्टेट’ने पत्ता बदलला तरी ‘पॉप स्टेट’ इव्हेंट उठत नाही. शेलचा राउटर आणि भागाचा राउटर दोघंही हिस्टरी हलवत असतील तर एकाने केलेलं दुसऱ्याला कळतच नाही: पत्ता बदलतो, पडदा जागेवर. हिस्टरीची मालकी शेलकडे द्या आणि भागाने शेलने दिलेल्या फंक्शनमधूनच प्रवास करावा.

अंगण सामायिक: स्टाइल, भाषा, टोकन

सीएसएसला, म्हणजे रंगरूपाच्या नियमांना, भिंत नसते. कमिशनने ‘टेबल’ टॅगला थेट रंग दिला की क्लेमचं टेबलही रंगतं, आणि तेही एजंट आधी कमिशन उघडून मग क्लेमकडे आला तरच, म्हणून टेस्टिंगमध्ये सापडत नाही. सीएसएस मॉड्यूल वापरा किंवा प्रत्येक भागाच्या नावाचा उपसर्ग लावा. टॅगवर थेट स्टाइल लिहायला लिंटरने मनाई करा. उपसर्ग मूळ कंटेनरवर लावत असाल तर मोडल आणि ड्रॉपडाउन तपासा, कारण ते बहुधा रिॲक्टच्या ‘पोर्टल’ या सोयीने थेट बॉडीत जाऊन बसतात आणि उपसर्गाच्या कक्षेबाहेर पडतात. रंग, अंतरं, अक्षरांचे आकार सीएसएस व्हेरिएबलमधून शेलने द्यावेत.

फाँट एकदाच, शेलमधून. देवनागरी फाँटमध्ये जोडाक्षरांमुळे ग्लिफ (अक्षरांच्या आकृत्या) पुष्कळ असतात आणि फाइल रोमनपेक्षा जड असते. प्रत्येक भागाने आपल्या पत्त्यावरून स्वतःची प्रत आणली तर खेड्यातल्या एजंटच्या फोनवर ते जाणवतं.

आणि हे मराठी पोर्टल करणाऱ्यांसाठी खास: आकडे. ब्राउझरच्या आकडे-तारखा मांडणाऱ्या इंटल एपीआयला मराठी-भारत लोकेल (भाषा आणि प्रदेश) दिलं तर तो आपोआप देवनागरी अंक देतो; हिंदी-भारत किंवा इंग्रजी-भारत दिलं तर इंग्रजी अंक. चार टीमनी चार लोकेल धरले तर प्रीमियम एका पडद्यावर १,२३,४५६ असा दिसतो आणि पुढच्या पडद्यावर इंग्रजी अंकांत. लोकेल आणि अंकपद्धती दोन्ही शेलकडून माउंटच्या माहितीत द्या.

लॉगिनचं टोकन भागांना हातात देऊ नका. टोकन मागण्याचं फंक्शन द्या. टोकन संपलं की चारही भाग एकाच क्षणी ते ताजं करायला धावतात, आणि नवं टोकन मिळवून देणारं रिफ्रेश टोकन एकदाच चालणारं असेल तर तीन हरतात आणि एजंट बाहेर फेकला जातो. शेलने एका वेळी एकच विनंती चालू ठेवावी आणि बाकीच्यांना तिचंच उत्तर द्यावं.

भागांनी एकमेकांशी बोलायचं तर आधी पत्त्यातून: पॉलिसी क्रमांक यूआरएलमध्ये टाका, पुढचा भाग तो वाचेल. ते पुरत नसेल तर विंडोवरचे कस्टम इव्हेंट, नावाला टीमचा उपसर्ग लावून. सगळ्यांची माहिती एकत्र ठेवणारा सामायिक रिडक्स स्टोअर मात्र नको. तो आणलात की वेगळ्या झालेल्या चुली पुन्हा एकाच धुराड्याला जोडल्या.

रिलीज: खरी परीक्षा

रिमोटचा पत्ता शेलच्या कॉन्फिगमध्ये कोरू नका. एक छोटी जेसन यादी ठेवा: भागाचं नाव आणि त्याच्या चालू आवृत्तीच्या रिमोट एंट्रीचा पत्ता. शेल सुरू होताना ती वाचतो आणि त्यावरून रिमोट जोडतो. फेडरेशन प्लगइनला पत्त्याऐवजी प्रॉमिस (नंतर मिळणारं उत्तर) देता येतं, ते यासाठीच. आता प्रत्येक आवृत्ती आपल्या स्वतंत्र फोल्डरमध्ये चढवायची, जुनीला हात लावायचा नाही, आणि यादीतली एक ओळ बदलायची. झाली रिलीज. मागे यायचं असेल तर तीच ओळ उलटी.

यादीला कॅशचा ‘नो-कॅश’ हेडर द्या. नाव फसवं आहे: त्याने साठवण बंद होत नाही, वापरण्याआधी दर वेळी सर्व्हरला विचारलं जातं. आवृत्तीच्या फोल्डरमधल्या फाइलींना ‘इम्यूटेबल’ आणि ३१५३६००० सेकंद, म्हणजे एक वर्ष. रिमोट एंट्रीचं नाव कायम एकच असेल आणि ती कॅशमध्ये अडकली तर नवी रिलीज कुणाला दिसेल आणि कुणाला नाही, याचा अंदाज कुणालाच लागत नाही.

जुनी फोल्डरं लगेच पुसू नका. एजंट सकाळी उघडलेली टॅब संध्याकाळपर्यंत बंद करत नाही. त्याच्याकडे जुनी एंट्री असते; त्याने दुपारी नवा पडदा उघडला की ती जुना तुकडा मागते, आणि तो नसला की ‘चंक लोड एरर’. मी किमान दोन आठवडे ठेवतो.

ही यादी बदलू शकणारा माणूस पोर्टलमध्ये वाटेल ती स्क्रिप्ट चालवू शकतो हेही ध्यानात घ्या. लिहिण्याचा हक्क फक्त पाइपलाइनला द्या, आणि कंटेंट सिक्युरिटी पॉलिसीत स्क्रिप्टचे स्रोत मोजकेच ठेवा.

कोसळणं गृहीत धरा

प्रत्येक भागाभोवती एरर बाउंड्री (आतली चूक अडवणारा रिॲक्ट कॉम्पोनंट) हवी, पण ती फक्त रेंडर होतानाच्या चुका पकडते. क्लिकच्या हँडलरमधल्या किंवा असिंक्रोनस कोडमधल्या नाही. त्यासाठी विंडोवरचे जागतिक हँडलर लागतात. भाग दुसऱ्या ओरिजिनवरून (उदाहरणार्थ वेगळ्या डोमेनवरून) येत असेल तर तिथे फक्त ‘स्क्रिप्ट एरर’ एवढंच दिसेल. वेबपॅकचं ‘क्रॉस ओरिजिन लोडिंग’ ‘ॲनॉनिमस’ करा आणि सर्व्हरवर कॉर्सचे (दुसऱ्या ओरिजिनला परवानगी देणारे) हेडर द्या, म्हणजे पूर्ण तपशील मिळतो. प्रत्येक नोंदीत भागाचं नाव आणि आवृत्ती टाका, नाहीतर रात्री फोन कुणाला करायचा यावर वाद.

‘पुन्हा प्रयत्न करा’ बटण दिलंत तर ते खरंच चालतं का पाहा. कॉम्पोनंट लागेल तेव्हाच आणणारं रिॲक्टचं ‘लेझी’ फसलेलं प्रॉमिस धरून ठेवतं, त्यामुळे नुसतं पुन्हा रेंडर केल्याने काही होत नाही. सरळ पान रीलोड करणं हाच प्रामाणिक उपाय.

कोणता भाग आधी

सगळं एकदम फोडू नका. सॉफ्टवेअरवर लिहिणारे मार्टिन फाउलर यांनी ऑस्ट्रेलियात पाहिलेल्या वडाच्या कुळातल्या झाडावरून २००४ मध्ये एक पद्धत सांगितली: ते झाड दुसऱ्या झाडावर रुजतं, खाली मुळं सोडतं आणि हळूहळू मूळ झाडाची जागा घेतं. आपल्याकडे जुन्या झाडाच्या ढोलीत पिंपळ असाच उगवतो. जुनं पोर्टल चालू ठेवायचं आणि एकेक पत्ता नव्या भागाकडे वळवायचा.

पहिला भाग म्हणून मी कमिशन घेईन. बहुतांश नुसतं वाचायचं, पत्ता स्वतंत्र, आणि चुकलं तर एजंट चिडेल पण पॉलिसी अडकणार नाही. मदतीचं पान घेणं फार सोपं. त्यातून टोकन, राउटिंग, स्टाइल यांपैकी काहीच शिकायला मिळत नाही. कोटेशनला आधी हात लावणं म्हणजे दिवाळीत स्वयंपाकघराची फरशी उखडणं.

कमिशन प्रॉडक्शनला गेल्यावर पहिल्याच आठवड्यात, काहीही बिघडलेलं नसताना, ते मुद्दाम एक आवृत्ती मागे नेऊन बघा, कामाच्या वेळेत, शेलच्या टीमला न सांगता. त्यांना कळलंच नाही तर वाटणी जमली. कुणाचा तरी फोन आला तर तो का आला ते शोधा आणि मगच दुसऱ्या भागाकडे वळा.

आणि जुन्या रेपोतलं कमिशनचं फोल्डर पुसण्याची पीआर त्याच महिन्यात मर्ज करा. ती उघडी राहिली की सहा महिन्यांनी टीममध्ये आलेला एखादा नवा मुलगा त्याच जुन्या फाइलीत बग दुरुस्त करतो, टेस्ट हिरव्या होतात, आणि पडदा का बदलत नाही म्हणून तो संध्याकाळपर्यंत ब्राउझरची कॅश साफ करत बसतो.